कांडण करून आणा

डॉक्टरांनी काशीच्या दंडातून सुई काढली आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. आता थोडं थांबायचं, म्हणाले.

काशी मान मागे टाकून बसली होती. तसं बसलं तरच गळलेल्या पापण्यांखालून समोरचं दिसे. शेजारी तिची सासू आवडाबाई, दाराशी नवरा धर्माजी.

याआधी दोनदा तिला इथं आणलं होतं. घरची रीतच अशी, की डॉक्टरकडे न्यायच्या माणसाला आदल्या दिवशी काम लावायचं नाही. मग विसावलेली काशी सकाळी डॉक्टरांपुढे धडधाकट उभी राहायची. संध्याकाळी हातातून मुसळ गळतं, घास तोंडात तसाच राहतो, बोलणं नाकातून येतं, यातलं तिथं काही दिसायचंच नाही. शेवटी डॉक्टरांनीच निरोप धाडला, कांडण करून आणा, दमलेली आणा. या खेपेस काही निघालं नाही तर तिला परस्पर माहेरी सोडायचं आणि तीन वर्षांची लेक गोदू घरीच ठेवायची, असं आवडाबाईनं ठरवून टाकलं होतं.

हळूहळू पापण्या वर गेल्या. काशीला खिडकीबाहेरची खाडी दिसली, खाडीतलं गलबत दिसलं.

"नाव सांगा," डॉक्टर म्हणाले.

"काशी."

आवाज खणखणीत आला. धर्माजीनं चमकून पाहिलं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. अंगाची राखण करणारी फौजच अंगावर उलटते, असं आता म्हणतात. मग नसांचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. सुईचा गुण दोन-तीन तासांचा. पुढं या गोळ्या, रोज, जन्मभर.

आवडाबाईनं गोळ्यांची बाटली पदराच्या गाठीत बांधली. बाहेर बैलगाडीत बसताना ती लेकाला म्हणाली, "एका सुईत सोंग उतरलं. आजार असा उतरतो व्हय? ठरलंय तसंच कर."

काशीच्या ओठांवर उत्तर आलं. आवाजही होता. पण सासूपुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही. म्हातारीचा डोळा लागला की नवऱ्याला एकट्याला सांगू, असं मनाशी म्हणून ती गप्प बसली.

मिठागरं मागे पडली तरी आवडाबाई जागीच होती, व्याह्यांना काय सांगायचं ते घोकत. ऊन कललं तेव्हा कुठं ती गाठीवर हात ठेवून घोरू लागली. काशी पुढं सरकली. तोवर उजवी पापणी खाली आली होती.

वडापाशी वाट फुटत होती. उजवीकडे घर, डावीकडे माहेर. धर्माजीनं डावा कासरा ओढला. बैल अडले, त्यांना घरची वाट ठाऊक होती.

काशीनं तोंड उघडलं. गोदूचं नाव घ्यायचं होतं. नाकातून नुसती हवा आली.

"काय म्हणलीस?" मागं न बघता धर्माजीनं विचारलं.

तो कासरा धरून थांबला. मग त्यानं बैल डावीकडे हाकले.