धाकटीची खुर्ची

पगारवाढीच्या वाटाघाटींसाठी संघटनेने धाकट्या बहिणीला निवडलं, त्या दिवसापासून ताईच्या पोटात दुखायला लागलं.

सरकारी रुग्णालयात ताई सव्वीस वर्षं परिचारिका होती. धाकटीला या पेशात तिनेच आणलं, तान्ह्या पोरांच्या हाताची शीर कशी शोधायची तेही तिनेच शिकवलं. आणि आता सरकारच्या आरोग्य सचिवांच्या समोरच्या खुर्चीत बसणार ती धाकटी! वॉर्डात जो तो विचारायचा, "ताई, काल बैठकीत काय ठरलं? तुमच्या तर घरातलीच बातमी." ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरच्या बाटल्या उगाच सरळ करत ताई म्हणायची, "मला काय ठाऊक? मोठ्या लोकांच्या गोष्टी त्या."

अखेर कराराचा मसुदा आला. नव्या परिचारिकांना भरघोस वाढ होती, वीस वर्षांवरच्यांना अगदीच जेमतेम. कॅन्टीनमध्ये सभा भरली. धाकटी म्हणाली, "आत्ता हे पदरात पाडून घेऊ. बाकीचं पुढच्या करारात बघू."

माना डोलल्या. खरं तर ताईलाही ते मान्य होतं. पण कोणीतरी लगबगीने धाकटीपुढे पाण्याचा ग्लास केला, आणि तिला राहवलं नाही. ती ताडकन उठली.

"पेशंट उचलून उचलून कंबर गेली आमची, ती या चिमूटभर वाढीसाठी? पुढचा करार होईतो आम्ही निवृत्त होऊ. माझं मत विरोधात!"

टाळ्या पडल्या. एकेक करत विरोधाचे हात वर गेले. मसुदा फेटाळला गेला. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला, आणि ताईला कितीतरी महिन्यांनी गार वाटलं.

ते फार टिकलं नाही. धाकटी पुन्हा वाटाघाटींना बसली. पाच आठवडे ड्यूटी संपवून बैठकांना पळत राहिली, आणि जुन्यांनाही बरोबरीची वाढ घेऊनच आली. सभेत तिने सांगितलं, "हे ताईमुळे झालं. ती उठली नसती, तर मी सही करून मोकळी झाले असते."

सगळ्यांनी ताईला पुढे ढकललं. टाळ्या थांबेनात. धाकटीही मनापासून वाजवत होती, आणि तेच ताईला सगळ्यात जास्त झोंबलं.

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच उरल्यावर तिने बोलून टाकलं, "मी जुन्यांसाठी उठले नव्हते गं. तुझं कौतुक बघवत नव्हतं मला."

धाकटी बुटाची नाडी सोडता सोडता थांबली. "माहीत होतं मला."

"मग सभेत तसं का म्हणालीस?"

"कारण तू बोललीस ते बरोबर होतं." बूट काढून बाजूला ठेवत ती म्हणाली, "लागलं मात्र खूप. अजून लागतंय."

ताईने तिचा हात धरला. धाकटीने तो सोडवला नाही, पण दाबलाही नाही.

संघटनेच्या पुढच्या निवडणुकीत ताईने धाकटीच्याच जागेसाठी अर्ज भरला. तो भरण्याआधी मात्र तिच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर सांगितलं.