फळ्यावरचे बावन्न

चौसष्ट साली अंजनाबाई पाटणजवळच्या आपल्याच गावात मास्तरीण होऊन आल्या, तेव्हा शाळेतला फळा तोच होता. लहानपणी मास्तरांनी बोलावलं म्हणून गावकुसाबाहेरच्या अंजनाने त्यावर आकडा लिहिला, आणि शाळा कमिटीच्या लालासाहेबांनी सगळ्या पोरांदेखत तो फळा धुऊन घेतला होता. पुढे घरचे बौद्ध झाले, अंजना शिकली, नोकरीला लागली. पण फळ्यावरून ओघळलेलं ते पाणी तिच्या डोळ्यांपुढून हटलं नाही.

पहिलीत लालासाहेबांची नात हरणा होती. बाई पोरांना चिपाडाच्या काड्या देत. दहा काड्यांची जुडी बांधायची, ती डावीकडे दहंच्या घरात. सुट्या काड्या उजवीकडे, एकंच्या घरात. पंचवीस म्हटलं की हरणाला पाच आधी ऐकू यायचा, म्हणून ती पाच आधी लिहायची. व्हायचे बावन्न. चूक बऱ्याच पोरांची होती. बाकीच्यांची ती सवय बाईंनी जुड्या हाती देऊन मोडली. हरणाच्या पाटीकडे बघून मात्र नुसतं "बरं" म्हणत त्या पुढं सरकायच्या.

तपासणीला साहेब आले. लालासाहेब त्यांच्या शेजारी खुर्चीत ऐसपैस बसले. बाईंनी मुद्दाम हरणाला उठवलं.

"लिही, पंचवीस."

हरणाने फळ्यावर ठळक बावन्न काढले. पोरं खिदळली, साहेबही हसले. लालासाहेबांची मान खाली गेली. बाईंना बरं वाटलं. लय बरं.

दुसऱ्या दिवशी हरणा आली नाही. "पोरगी ठोंब हाय, शेरडं राखंल," असं म्हाताऱ्याने सांगून टाकलं होतं.

शाळा सुटल्यावर बाई काड्या घेऊन निघाल्या आणि थेट लालासाहेबांच्या ओट्यावर चढल्या. बाईंच्या आळीतल्या कुणीही तिथं कधी पाय ठेवला नव्हता.

"आवं बाई, कुठं चढताय?" लालासाहेब ओरडले.

"पोरगी ठोंब न्हाई. मीच तिला शिकवलं न्हाई, जाणूनबुजून. का, ते तुमास्नी ठावं हाय."

गल्लीतली माणसं गोळा झाली.

"उद्यापास्नं शाळेत धाडा. न्हाईतर रोज हितंच वर्ग भरवीन."

बाईंनी हरणाला हाक मारली. पोरीने भीत भीत दोन जुड्या बांधल्या, पाच काड्या सुट्या ठेवल्या, आणि पाटीवर दोन आधी लिहिला. मग हसून वर बघितलं. त्या हसण्याकडे बघायला बाईंना जड गेलं.

"झालं न्हवं? उठा की आता," लालासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"अजून छत्तीस लिवायचं राहिलंय," बाई म्हणाल्या आणि मांडी घालून ऐसपैस बसल्या.