एक नंबरचा डबा

"बाळ केवढं आहे?" मेडिकलवाल्या काकूंनी विचारलं, आणि किल्लीवाल्याची बोलतीच बंद झाली.

'लहान बाळाची दुधाची पावडर द्या' हे एवढंच वाक्य त्याने टपरीवर बसून मनात घोळवलं होतं. समोरून उलट प्रश्न येईल हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. दिवसभर कुलपांशी बोलायची सवय. कुलूप चौकशा करत नाही.

"दीड महिन्याचं," तो म्हणाला.

"मग एक नंबर लागेल. सहा महिन्यांपर्यंत एक नंबर, पुढे दोन." काकू स्टुलावर चढल्या आणि वरच्या कप्प्यातले डबे एकेक करून काचेवर मांडू लागल्या. निळा, सोनेरी, हिरव्या झाकणाचा. सगळ्या डब्यांवर एकाच आईच्या पोटची वाटावीत अशी गुबगुबीत बाळं हसत होती. "कोणासाठी हवंय?"

"आमच्याचसाठी."

काकूंचा हात थांबला. त्यांचं दुकान आणि त्याची टपरी रस्त्याच्या दोन बाजूंना, अगदी तोंडासमोर. त्यांच्या शटरची किल्ली त्यानेच दोनदा करून दिली होती. "तुमच्या? अहो किल्लीवाले, दीड महिना झाला आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत?"

मागे खोकल्याच्या औषधासाठी आलेले एक आजोबा होते, कोपऱ्यावरचा बेकरीवाला होता. दोघांनी माना वर केल्या. दोघांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आम्ही मुलगी दत्तक घेतोय, गुरुवारी आणायला जायचंय, एवढं सांगितलं की संपलं असतं. घरी तो आणि त्याची बायको हे वाक्य एकमेकांना इतक्यांदा म्हणाले होते की त्याची काही भीती उरली नाही असं त्याला वाटत होतं. पण ते घरातलं वाक्य होतं.

"ती माहेरी होती," तो म्हणाला.

"असं होय. पण मग पावडर कशाला? अंगावरचं पाजतेय ना?"

"नाही. म्हणजे, तब्येत बरी नाही तिची. तिला दूधच नाही."

बेकरीवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि "होईल सगळं ठीक," म्हणाला. काकूंनी आवाज खाली आणला, आतून एक पुडा काढून त्याच्या पिशवीत टाकला. "हे माझ्याकडून. दोन वेळा घ्यायला सांगा तिला. येतं दूध. धीर सोडू नका म्हणावं." मग डब्यांकडे हात करून विचारलं, "कोणता देऊ?"

त्याने सोनेरी डब्याकडे बोट दाखवलं. तो सगळ्यांत महाग होता. महागातला घेतला की बोललेलं खोटं जरा हलकं होईल, असं काहीतरी त्याला वाटून गेलं असावं. डबा काखेत मारून तो बाहेर पडला, आणि टपरीत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाटल्या घ्यायच्या राहिल्या. परत जायची छाती झाली नाही. तो पुडा त्याने खणात, कोऱ्या किल्ल्यांच्या खाली सारून ठेवला.

हे पहिल्यांदा झालं असतं तर त्याने स्वतःला समजावलं असतं. पण हे दुसऱ्यांदा होत होतं. लग्नानंतर काही वर्षांनी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की दोष नवऱ्यात आहे. दवाखान्याचा जिना उतरताना बायको म्हणाली होती, "घरी मी सांगते, तुम्ही काही बोलू नका." आणि घरी सासूसमोर, जावेसमोर ती म्हणाली, "माझ्यातच काहीतरी आहे म्हणतात." तो दारात बूट काढत होता. तो बूटच काढत राहिला. नंतर सासूने सांगितलेली सगळी औषधं तिने घेतली, बारशांना बोलावणं आलं नाही तर गिळून टाकलं, आणि एका शब्दाने कधी त्याला टोचलं नाही. तिने टोचलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला कितीदा वाटे.

संध्याकाळी डबा बघून ती हरखून गेली. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती, दिवसभर मशीनवर मान मोडून घरी यायची. पण आज हातपाय धुवायच्या आधी तिने डब्यावरचं सगळं बारीक अक्षर वाचून काढलं आणि डबा फळीवर ठेवून बाळाचं चित्र खोलीकडे वळवलं.

"सगळ्यात चांगला हाच, असं म्हणाल्या का काकू?"

"हो."

"आणि बाटल्या?"

"राहिल्या. आणतो उद्या."

"तुम्ही पुन्हा विसराल. मीच कामावरून येताना घेते."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याने घास चावला, पाणी प्यायला, तिच्याकडे बघितलं. ती छोट्या गादीला अभ्रा चढवत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. त्याने ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर एक गिऱ्हाईक उभं होतं, शेगड्याच्या लोखंडी जबड्यात किल्ली आवळलेली होती आणि त्याच्या हातात कानस होती, तेव्हा त्याला बायको बसमधून उतरताना दिसली. ती मेडिकलमध्ये शिरली. काकू गल्ल्यामागून उठून बाहेर आल्या, स्टूल ओढलं, तिला खांद्याला धरून बसवलं. मग तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात त्याला एक शब्दही ऐकू येणं शक्य नव्हतं. बायकोने फक्त एकदा मान वळवून टपरीकडे पाहिलं.

"अहो, जास्त घासताय," गिऱ्हाईक म्हणालं. किल्ली वाया गेली होती. त्याने दुसरी घेतली.

ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा हातात बाटल्यांची पिशवी होती. एरवी सहा-आठ महिन्यांतून कधी ह्या थांब्यावर उतरलीच तर ती रस्ता ओलांडून टपरीवर दोन मिनिटं टेकायची. आज सरळ घराकडे चालू लागली.

त्याने लवकर आवरलं. घरी पोचला तर बाटल्या उकळून, पुसून फडक्यावर उलट्या मांडलेल्या होत्या आणि ती त्यांच्याजवळ खाली बसली होती.

"मी सांगणारच होतो तुला," तो दारातूनच म्हणाला.

"बसा आधी."

तो बसला.

"बाळंतिणीने असं हिंडायचं नसतं, म्हणाल्या काकू. मला आधी कळेचना कोणाबद्दल बोलतायत. मग कळलं. असा संताप आला मला तुमचा. वाटलं, इथेच सांगून टाकावं सगळं. तोंड उघडलं सुद्धा. तेवढ्यात त्यांनी विचारलं, फार त्रास झाला का गं?" तिने फडक्याचं टोक सरळ केलं. "असं मला कधी कोणी विचारलं नाही हो. मी म्हटलं, हो, झाला."

त्याने पायाशी घरंगळलेलं बाटलीचं झाकण उचलून फडक्यावर ठेवलं.

"मग त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. कळा कधी सुरू झाल्या, कशा वाढल्या, कोण होतं जवळ. कारखान्यातल्या बायकांकडून इतकी वर्षं ऐकतेय, मला सगळं पाठ आहे. तुम्ही तिथे दोन वाक्यं खोटी बोललात. मी पदरचं घालून अख्खी बाळंतपणाची गोष्ट सांगून आले. आणि मला बरं वाटत होतं. ह्याचीच लाज वाटतेय." तिने एक बाटली सरळ केली, पुन्हा उलटी ठेवली. "ती पोर तिकडे पाळण्यात आहे. तिला जन्म देणारी कोण, कुठे आहे, तिला किती सोसावं लागलं, आपल्याला काही ठाऊक नाही. तिचं सोसणं मी माझ्या नावावर करून आले."

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "दोष माझ्यात, आणि दोन्ही वेळा मी तुझ्यावर ढकलला. तेव्हाही मी बूट काढत उभा राहिलो."

"तेव्हा मी आपणहून पुढे झाले होते," ती शांतपणे म्हणाली. "त्याचं मला काही नाही. काल मला कोणी विचारलं नव्हतं."

ती उठली आणि कणीक मळायला लागली. तो बाटल्यांसमोर बसून राहिला. तिने त्याला जेवायला हाक मारली, पण रोजच्यासारखं समोर बसून ती जेवली नाही.

सकाळी तो पुडा आणि सोनेरी डबा पिशवीत घालून मेडिकलमध्ये गेला. दुकान रिकामं होण्याची वाट बघत तो टूथपेस्टच्या रॅकशी उभा राहिला. पण एक गेला की दुसरा यायचा, आणि त्यात बेकरीवालाही येऊन टपकला. शेवटी काकूच म्हणाल्या, "काय हो किल्लीवाले, केव्हाचे उभे आहात. काय देऊ?"

"द्यायचं काही नाही. परत करायचंय." त्याने पुडा आणि डबा काचेवर ठेवले. "काकू, माझी बायको बाळंत झालेली नाही. आम्ही मुलगी दत्तक घेतोय. उद्या आणायची आहे. बायकोला दूध नाही असं मी म्हणालो ते खोटं होतं. तिच्यात कधीच काही कमी नव्हतं. जे आहे ते माझ्यात आहे."

बेकरीवाला गोळ्यांच्या जाहिराती वाचायला लागला. काकूंचे कान लाल झाले.

"पण काल ती इथे बसून मला सगळं..."

"मीच तिला त्यात अडकवलं होतं. तिला काही म्हणू नका."

काकूंनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसली. बराच वेळ पुसली. "मला खरं सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, त्याच्याकडे न बघता, "मी तरी काय. भरल्या दुकानात पुरुषमाणसाला अंगावरच्या दुधाचं विचारत बसले. ह्या गल्ल्यावर बसून अशी किती जणांची परीक्षा घेतली असेल मी, कोण जाणे."

पुडा त्यांनी आत टाकला. मग डबा उचलून त्याचं सील पाहिलं. "तिकडे ती कोणतं पिते?"

"काय?"

"मुलगी हो. दीड महिन्याची आहे म्हणजे काहीतरी पीतच असेल ना तिकडे. एकदम बदललं तर पोट बिघडेल तिचं. विचारलंत का?"

त्याने विचारलं नव्हतं. पाळण्याला रंग कोणता द्यायचा, गादी कुठे घालायची, लोकांना काय सांगायचं, हे सगळं दोघांनी बोलून झालं होतं. ती काय पिते हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. दुकानात पहिल्या दिवशी शरमेने मान खाली गेली होती, ती लोकांमुळे. आत्ता जी गेली ती त्या मुलीमुळे.

काकूंनी त्याला तिथूनच, मुलगी होती त्या संस्थेत फोन लावायला लावला. पलीकडच्या ताई न कंटाळता सांगत होत्या. कोणत्या पावडरचं दूध ते सांगितलं. कोमटच लागतं, गार दिलं तर थुंकून टाकते. उजव्या हातावर घेतलेलं तिला आवडत नाही. तो ऐकत होता आणि एकेक गोष्ट मोठ्याने परत म्हणत होता, विसरू नये म्हणून. काकूंनी नाव ऐकलं आणि खाली वाकून अगदी तळच्या कप्प्यातून एक पांढरा डबा काढला. साधा. त्याच्यावर बाळाचं चित्रसुद्धा नव्हतं.

"हा," त्या म्हणाल्या. "तिचं ठरलेलं आहे. आपण निवडायचा प्रश्न नाही."

बेकरीवाला जाहिरातींकडे बघतच म्हणाला, "नाव काय ठेवताय?"

"अजून ठरायचंय," किल्लीवाला म्हणाला, आणि ह्या वेळी प्रश्नाचं खरं उत्तर त्याला सहज देता आलं.

गुरुवारी मुलीला घेऊन परत येताना बस बरीच भरलेली होती. कोणीतरी उठून बायकोला जागा दिली, शेजारची जागा त्याला मिळाली. मुलगी अर्ध्या वाटेपर्यंत झोपली, मग जागी झाली आणि रडायला लागली. एवढासा जीव, पण अख्ख्या बसने माना वळवल्या. संस्थेतल्या ताईंनी थर्मासमध्ये पाणी दिलं होतं. त्याने पावडर मोजून घातली, बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि बायकोच्या हातात दिली.

बायकोने मुलीला डाव्या हातावर घेतलं, आणि दुपट्याचं टोक ओढून बाटली, बाळाचं तोंड, स्वतःचा हात, सगळं झाकून टाकलं. वाकून बसली. तिने का झाकलं ते त्याला कळत होतं. समोरच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई टक लावून बघत होत्या.

दुपट्याखाली मुलगी गुदमरली. पाय झाडायला लागली, बाटली सोडून पुन्हा रडू लागली. बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली नाही. मग तिने दुपटं बाजूला केलं, नीट घडी घालून त्याच्या मांडीवर ठेवलं, पाठ सरळ करून बसली आणि बाटली पुन्हा बाळाच्या तोंडाला लावली. भर उजेडात. मुलीचे घामेजलेले केस कपाळाला चिकटले होते. ती डोळे उघडे ठेवून पीत होती, बायकोच्या चेहऱ्याकडेच बघत.

म्हाताऱ्या बाईंनी बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आपली पिशवी पायांशी ओढून घेतली, तिला पाय पसरता यावेत म्हणून.

बाटलीचं झाकण त्याच्या मुठीत होतं. त्यांचा थांबा आला. माणसं उतरली, चढली. बाटलीत अजून दूध होतं. दोघांपैकी कोणी उठलं नाही, आणि बस पुढे निघाली.