शेषराव पेंटरच्या गोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानडबा आहे, पण माझ्यात पान सापडायचं नाही. अचलपूरच्या एका कारागिरानं मला घडवलं आणि कौशल्याबाईंच्या लग्नात मी अकोल्याच्या जुन्या शहरात आलो. कात, चुना, सुपारी सांभाळण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. पाहुणे माझी नक्षी वाखाणत. मग घरातलं पान सुटलं आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

कौशल्याबाईंचे यजमान शेषराव दुकानांच्या पाट्या रंगवतात. पंचावन्नाव्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर रागिणींनी कंपवात सांगितला आणि थरथर कमी करणारी गोळी दिली. कौशल्याबाईंनी मला चिंचेनं घासून लख्ख केलं. रोज माझ्या तीन खणांत त्या दिवसाच्या सकाळ, दुपार, रात्रीच्या गोळ्या राहू लागल्या. शेषरावांची अक्षरं पुन्हा सरळ आली. मला फार बरं वाटलं.

वैशाखात एक मोठी पाटी आली. हात जरा हलला, म्हणून शेषरावांनी दुपारची गोळी सकाळीच घेतली. मग रात्रीचीही. मला बोलता येत नाही, याचं त्या दिवशी वाईट वाटलं.

ते उन्हातच रंगवत बसले. दुपारपर्यंत त्यांची जीभ टाळूला चिकटली, अक्षरं अंधुक दिसू लागली. अंग तापलं, पण घामाचा थेंब नाही.

"भाऊ कव्हाचा उभा हाये, त्याले पाणी दे," ते म्हणाले.

भाऊ वारून सहा वर्षं झाली होती.

कौशल्याबाईंनी माझं झाकण उघडलं. तिन्ही खण रिकामे. त्यांनी शेषरावांना सावलीत आणून ओल्या फडक्यानं पुसलं आणि मला पिशवीत घालून ऑटोनं दवाखाना गाठला.

दोन दिवसांनी शेषराव भानावर आले.

"ह्या गोळ्या फेकूनच द्या आता," कौशल्याबाई म्हणाल्या.

"एकदम बंद केल्या तर अंग आखडेल," डॉक्टर म्हणाल्या. "मी हळूहळू कमी करते. गोळी मनानं वाढवायची नाही, सोडायचीही नाही. लघवी अडली, दिसायला अंधुक झालं, बोलणं भरकटलं, तर लगेच या. या गोळीनं घाम कमी येतो, उन्हात काम नको."

"मंग हात हालला त?" शेषरावांनी विचारलं.

"हलू द्या थोडा."

आता शेषराव सकाळी सावलीत बसून रंगवतात. त्या मोठ्या पाटीवरची एक वेलांटी जराशी थरथरली आहे. दुकानदारानं पाटी तशीच लावली.

मित्रांनो, तुमच्याही घरात गोळ्यांचा एखादा डबा असेल. अधूनमधून उघडून पाहत जा. एखादा खण वेळेआधी रिकामा दिसला, तर रागावू नका. जवळ बसा आणि विचारा.