हुनुआच्या ओढ्यातली मोजणी

"अजून चार दगड राहिलेत," म्हणत कांचनने थंडगार पाण्यात गुडघा टेकला, दगड उचलला आणि खाली टॉर्च मारला. पिवळा गाळ. तिने दगड होता तसाच परत ठेवला.

काठावर अरोहा कागद घेऊन उभी होती. हुनुआच्या डोंगरातल्या दुर्मीळ बेडकांची मोजणी करणाऱ्या स्वयंसेवकांची ती प्रमुख. माणसं कमी पडत होती. दोन वर्षं ओढ्याच्या या तुकड्यात एकही बेडूक सापडला नव्हता. यंदाही नाही सापडला, तर इथली मोजणी बंद करायची, हे तिने सकाळीच हळुवारपणे सांगितलं होतं.

मोजणीसाठी हा वीस मीटरचा तुकडा कांचनच्या नवऱ्याकडे, पुरुषोत्तमकडे असायचा. ईस्ट टामाकीतल्या कारखान्यात पंप दुरुस्त करणारा तो आठवडाभर ग्रीसने माखलेला असायचा. शनिवारी इथे यायचा. कांचन थर्मास घेऊन काठावर बसायची. पहिल्या वर्षी त्याने खुणेनेच तिला बोलावलं. दगडाच्या सावलीत अंगठ्याएवढा, तपकिरी जीव.

"तिकडे आपल्या पाटणच्या ओढ्यावर पाय ठेवायला जागा नसायची बेडकांमुळे, आठवतं?" तो म्हणाला होता. "इथे परदेशात एक दिसला तरी जीव हरखतो बघ."

त्या दिवशी सतरा सापडले. घरी जाताना वाटेतलं पापाकुरा गाव येईपर्यंत तो प्रत्येकाचं वर्णन करत होता.

तो गेला, आणि कांचन स्वतः पाण्यात उतरू लागली. मग एक मोठं वादळ आलं, दरड कोसळली आणि दगडांखालच्या फटी गाळाने बुजल्या.

शेवटचा दगड. त्याखालीही काही नव्हतं.

अरोहा मोबाइलवर बोलायला जरा लांब गेली होती. तिचा कागद काठावर समोरच होता, पेन्सिलही. एकाचा आकडा टाकायला कितीसा वेळ लागतो? एक बेडूक लिहिला, की पुढच्या वर्षी पुन्हा इथे येता येणार होतं.

कांचनने शून्य लिहिलं. खाली सही केली.

गाडीत थांबलेली तिची लेक जुई तेवढ्यात उतरून आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच ओढ्यापर्यंत आली होती.

"हाउ मेनी, आई?"

"एकही नाही."

"यू कुड हॅव जस्ट पुट वन. कोणाला कळलं असतं?"

"वरच्या ओढ्यात बेडूक आहेत अजून. तिथे माणसं हवीत," कांचन म्हणाली. "खोटं लिहून त्यांना इथे कशाला अडकवायचं?"

जुईने कागदावरचं शून्य पाहिलं. मग तिने विचारलं, "बाबाला पहिला कुठे दिसला होता?"

कांचनने तिचा हात धरला आणि शेवाळी दगडांवरून जपून पलीकडे नेलं. नेच्याखालच्या एका कपारीशी दोघी वाकल्या.

"इथे," कांचन कुजबुजली. खाली कोणी दचकणारं नव्हतं, तरी आवाज मोठा झाला नाही.