तिसऱ्या मजल्यावरच्या गाड्या

मनोरमाबाई भाकरीसाठी तांदळाच्या पिठात गरम पाणी ओतत होत्या, तेवढ्यात फळीवरचे डबे खुळखुळले. त्यांचा हात तसाच वर राहिला. परातीतून वाफ येत होती.

"मालगाडी," बाहेरच्या खोलीतून काशीनाथ मास्तर म्हणाले. "भरलेली आहे. गुजरातकडे चाललीय."

डबे थांबले. बाईंनी उरलेलं पाणी ओतलं आणि पीठ मळायला घेतलं.

आता ज्या माणसाने तीस वर्षं स्टेशन मास्तर म्हणून गाड्या सोडल्या, त्याला गाड्यांचं कोण शिकवणार? वाणगाव, घोलवड, शेवटी डहाणू. रूळ नुसता गुणगुणला तरी मास्तर सांगत, लोकल आहे की मेल. आणि हा नवा फ्लॅट तर डहाणू स्टेशनाच्या पाठीलाच. बाई पहिले आठ दिवस प्रत्येक हादऱ्याला दाराकडे धावल्या. शेजारची निलम हसायची, "काकू, आज किती वेळा पळालात?" मग मास्तर एकेका गाडीचं नाव सांगू लागले आणि बाईंचं पळणं बंद झालं. चार महिने झाले त्याला.

पळायची सवय गावची, रानशेतची. तिकडे काही वर्षांपूर्वी जमीन हलायला लागली ती हलतच राहिली. आधी खालून गुडुम, मग धक्का. कधी आठवड्यात एक, कधी एका दिवसात चार. माणूस कशालाही सरावतो म्हणतात, ते काही खोटं नाही. दाराला कडी लावायची नाही, चपला बाहेर तोंड करून ठेवायच्या, झोपताना उपड्या पातेल्यावर पेल्यांची उतरंड रचायची, म्हणजे जरा हललं की खणखणाट होऊन जाग येते. दहा आकडे मोजायच्या आत दोघं अंगणात. एक अख्खा हिवाळा त्यांनी अंगणातच ताडपत्रीखाली काढला.

मग मागच्या भिंतीला बोटभर भेग पडली आणि विरारहून समर्थ आला. म्हणाला, "आई, दोन माणसांना पाच खोल्या हव्यात कशाला? बाबांचे गुडघे बघ. शहरात या. दवाखाना जवळ, बाजार जवळ." पोराचं चुकत नव्हतं. घर आवरलं. आवरलं म्हणजे काय, तर जन्मभर जमवलेलं आठ दिवसांत वाटून टाकलं. पितळी भांडी, पाटा-वरवंटा, जोडपलंग, सगळं गेलं. इथे एक दिवाण, दोन खुर्च्या, फळीभर डबे. मास्तरांचा पेपरसुद्धा बंद केला, कारण रद्दी ठेवायला जागा नाही. निघताना रूपी, वीस वर्षं वाडीत राबलेली, टेम्पोशी उभी राहून म्हणाली होती, "बाय, जमीन हालते तं जमिनीलाच धरून बसाचा. वरती कशाला जातास?"

बाई तेव्हा तिच्यावर उगाच चिडल्या होत्या.

लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. बिल्डर म्हणे दिवाळीपर्यंत बसवतो. कुठली दिवाळी, ते त्याने सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मास्तर भिंतीला धरून, दर जिन्यावर बसत बसत वर आले. त्यानंतर "गॅलरीतून सगळं दिसतं की" म्हणत वरच राहिले. पेल्यांची उतरंडही त्यांनी रचू दिली नाही. "इथे गाड्यांनीच पडेल ती. झोपेचं खोबरं होईल."

भाकरी तव्यावर टाकली आणि फोन वाजला. सून, दीप्ती.

"आई, मी जेवायला पोचत नाही हं. आज रेल्वेचा ब्लॉक आहे, विसरलेच होते मी. नऊपासून दोनपर्यंत डहाणूला काहीच नाही."

"काहीच म्हणजे?"

"लोकल नाही, मेल नाही, मालगाडीसुद्धा नाही. रूळच खोललेत म्हणे. दोननंतर निघते."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास नाकात गेला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला.

त्या गॅलरीत गेल्या. चारही रूळ उन्हात रिकामे पडले होते. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं रुळांवर बसून डबे खात होती. घाई कुणालाच नव्हती. गाडी आली की हादरा हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? परवा संध्याकाळी आधी गुडुम झालं होतं. गेल्या मंगळवारी देव्हाऱ्यातली समई आडवी झाली होती. पायांना कळलं होतं की! पण नवरा म्हणाला गाडी, म्हणून पायांना गप्प बसवलं.

मास्तर दिवाणावर भिंतीला टेकून बसले होते.

"अहो, दीप्तीचा फोन होता. दुपारनंतर येतेय. ब्लॉक आहे."

गुडघ्यावरची चादर मास्तरांनी उगाचच सारखी केली.

"नऊपासून," बाई म्हणाल्या.

"पेपर बंद केला तिथे फसलो," मास्तर म्हणाले. हसायला गेले, पण जमलं नाही.

"मला काय कुक्कुलं बाळ समजलात? चार महिने! ती समई पडली तेव्हासुद्धा राजधानी म्हणालात! अहो, गाडले गेलो असतो इथे, आणि मी आपली भाकऱ्या थापत बसले असते!"

"हळू बोल."

"का हळू बोलू?"

मास्तरांनी गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तू गेल्या महिन्यात बाजारात गेली होतीस ना, तेव्हा उतरून पाहिलं मी. घड्याळ लावून. एक मजला. अकरा मिनिटं लागली."

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"आणि वर आलात कसे?"

"ते विचारू नकोस." त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगितलं असतं, तर तू एकटी खाली गेली असतीस? नाही. मला ओढत बसली असतीस जिन्यात. जिना आधी कोसळतो, हे मला माहीत आहे. आणि समर्थला कळलं तर त्याच्या दीड खोलीत आपण चौघं. म्हटलं, निदान तू निवांत असावीस."

बाईंना त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. मग डोळे पदराला पुसून त्यांनी पानं वाढली. करपलेली भाकरी मास्तरांनी आपल्या पानात ओढून घेतली.

दीप्ती साडेचारला आली, घामाघूम, हातात केळ्यांचा घड. बाईंनी चहा टाकला. सून सांगत होती, बाई ऐकत होत्या, पण कान भलतीकडेच होते.

"घर मात्र छान लागलंय, आई," दीप्ती म्हणाली. "आवरायला सोपं."

"हो. पसारा नाही."

तेवढ्यात खालून, खूप खालून, कुणीतरी जड दार आपटावं तसा आवाज झाला. कपातला चहा बशीत सांडला. छताचा पंखा डुलायला लागला आणि खिडकीची काच तडकली. फळीवरचा एक डबा खाली येऊन मुरमुरे घरभर झाले.

"बापरे! गाडीने एवढं हलतं?" दीप्ती उठून उभी राहिली.

मास्तरांनी तोंड उघडलं.

"गाडी नाही," बाई त्यांच्याआधी म्हणाल्या. "दीप्ती, पळ. खाली पळ."

"आणि तुम्ही? बाबा?"

"यांना धरून आणते. तू पुढे हो. जिन्यात थांबू नकोस, जा म्हणते ना!" असा आवाज त्यांनी सुनेवर कधी चढवला नव्हता. दीप्ती अनवाणीच धावली. तिच्या पावलांचा आवाज एकेक मजला खाली उतरत गेला.

हलायचं थांबलं. बाई गॅलरीत आल्या. बिल्डिंगमधली माणसं भराभरा बाहेर पडत होती, निलम मुलाला काखेत मारून धावत होती. दीप्ती दाराबाहेर येऊन वर बघायला लागली.

"भिंतीपासून लांब हो!" बाई ओरडल्या. "रस्त्याच्या पलीकडे! आलोच आम्ही!"

ती पलीकडे पोचेपर्यंत बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. मग आत आल्या. पायाखाली मुरमुरे चुरडत होते.

"जा आता," मास्तर म्हणाले. "दुसरा यायच्या आत उतरशील तू. ऐक माझं."

दुसरा येणार, हे रानशेतच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. कधी पाच मिनिटांनी येतो, कधी दोन. पहिल्यापेक्षा मोठाही असतो कधीकधी. बाईंनी उघड्या दारातून जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा होता. खालून दीप्ती हाका मारत होती, आई, बाबा, एकामागून एक.

बाई दिवाणापाशी आल्या.

"सरका जरा," त्या म्हणाल्या.

मास्तर भिंतीकडे सरकले. दिवाण एकट्याच्या मापाचा, पण दोघं मावली.