रिबीन बांधलेला दशक

"तोंडाकडे काय बघतेस माझ्या? हाताकडे बघ."

मावशी जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हा आवाज बाईंच्या कानात तसाच होता. मावशी वेताच्या खुर्च्या विणायची. भाची समोर येऊन बसली की बोटं न थांबवता गुणगुणायची:

वर गेला, खाली गेला, वेताचा हा दोर,
चार घरं हिंडून आली घरी माझी पोर.

गाणं थांबलं की समजायचं, कुठेतरी वीण चुकली.

बाई मोठ्या झाल्या आणि दुसरीच्या वर्गाला शिकवू लागल्या. अडखळणारी मुलं हमखास त्यांच्याकडेच यायची. यंदा आली ती आकड्यांशी वाकडं असलेली एक मुलगी. वाचायला बरी, चित्रं तर अशी काढायची की कागदावरची मांजर अंग घासत येईल. पण वजाबाकी दिसली की चेहरा पार उतरायचा. "कळलं?" विचारलं की मान अशी जोरात डोलवायची की दोन्ही वेण्या झुलायच्या. म्हणून सगळे तिला डोलाबाई म्हणत, आणि तीही या नावाला खुशाल ओ देई.

तिच्यासाठी बाईंनी अख्खा धडा उसवून नव्याने विणला. वहीतल्या चौकटी मोठ्या केल्या. दशकाचं घर निळं, एककाचं पिवळं. पुठ्ठ्याला खिडकी कापली, म्हणजे एका वेळी एकच गणित दिसेल, बाकीची गर्दी झाकलेली. आइस्क्रीमच्या काड्या धुतल्या, वाळवल्या, रंगवल्या, आणि दहा-दहाच्या जुड्या करून प्रत्येकीला लाल सॅटिनची रिबीन बांधली. वर फुलासारखी गाठ.

नवऱ्याने जाता जाता विचारलं, "लग्न कुणाचं आहे?"

"वजाबाकीचं," बाई म्हणाल्या. "जमत नाहीये कधीपासून."

एवढं करूनही बत्तीसातून सात गेले की डोलाबाईच्या वहीत पस्तीस उरायचे. दिल्याने वाढणारी ही दौलत पाहून बाईंना हसू यायचं. पण मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सांगून टाकलं होतं, "शनिवारी मी स्वतः बघते. नसेल जमत, तर पहिलीत बसवू तिला. तिच्याच भल्याचं आहे."

पहिलीत तिचा धाकटा भाऊ होता.

तिच्या आईचं कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं. बाई तिथून जाताना ती इस्त्री उभी करून बाहेर आली.

"बाई, काहीतरी करा हो. तो कार्टा आत्तापासूनच म्हणतोय, ताई, तुझी जागा धरून ठेवलीय. ही जेवत नाही धड. नुसती ताट पुढ्यात घेऊन बसते."

"मी बघते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बघताच हो. तिला दिसायला हवं ना."

शनिवारी मुलं मैदानावर गेली आणि वर्गात तिघीच राहिल्या. मोठ्या बाई लहान मुलांच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून बसल्या. टेबलावर तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या. बाईंनी गणित घातलं. बत्तीस वजा सात.

डोलाबाईने काड्यांकडे पाहिलं, पुठ्ठ्याच्या खिडकीतून गणिताकडे पाहिलं, आणि पिवळ्या घरात पाच, निळ्यात तीन असं नीटनेटकं लिहिलं.

"दोनातून सात जात नाहीत, तर कुणाकडे जायचं? दशकाकडे. कळलं ना?" बाईंनी विचारलं.

वेण्या झुलल्या.

"मान फार छान डोलते," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण मानेला मार्क नसतात, बाळा."

बाईंच्या ओठांवर तेच स्पष्टीकरण पुन्हा आलं होतं. त्या तिच्या चेहऱ्याकडे आशेने बघत होत्या, नेहमीसारख्याच. आणि कानात कुणीतरी दटावलं, तोंडाकडे काय बघतेस?

"वही मीट," त्या म्हणाल्या. "मला खऱ्या सात काड्या दे. माझ्या ओंजळीत."

डोलाबाईने दोन सुट्या काड्या दिल्या. मग तिचा हात जुडीकडे गेला. एका बोटाने रिबिनीचं फूल सारखं केलं आणि हात मांडीवर परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला.

बाईंच्या लक्षात आलं. फळ्यावर त्यांनी कित्येकदा दशक सोडवून दाखवला होता, खडूने. खरी गाठ मात्र कधी सोडलीच नव्हती. एवढी देखणी बांधलेली गाठ कोण सोडेल?

"सोड की गाठ."

"नको. विस्कटेल."

"विस्कटू दे."

"तुम्ही केलीय," डोलाबाई पुटपुटली.

बाईंनी रिबिनीचं टोक धरलं आणि ओढलं. काड्या खळकन टेबलावर पसरल्या, एक तर मोठ्या बाईंच्या चपलेपाशी गेली. त्यांनी वाकून ती उचलून दिली.

डोलाबाई बघतच राहिली. मग भानावर येऊन तिने पाच काड्या मोजून बाईंच्या ओंजळीत टाकल्या. आधीच्या दोन, आताच्या पाच. उरलेल्या काड्या बोटाने पुन्हा पुन्हा मोजल्या.

"पंचवीस," ती म्हणाली. मान हलवली नाही.

"आता एक्केचाळीसातून सहा," मोठ्या बाई म्हणाल्या.

बाईंनी काड्या मांडून दिल्या. या वेळी गाठ घट्ट होती. डोलाबाईने ती दातांनी सोडवली. बराच वेळ मोजामोज चालली.

"पस्तीस. पण बाई, हे खरे आहेत, नेहमीचे नाहीत."

मोठ्या बाई हसत हसत बाकातून सुटल्या. "भावाला सांग, ती जागा दुसऱ्या कुणाला दे. आणि बाई, साधे रबर लावा हो. गणित आहे, भेटवस्तू नाही."

त्या गेल्यावर दोघी जुड्यांना रबर लावत बसल्या. डोलाबाई रबर ताणायची, सोडायची.

"काय गं, खूश नाहीस?"

"आहे." तिने एक जुडी पुढे सरकवली. "बाई, मला आधी कधीच कळलं नव्हतं."

"मग दर वेळी मान कशाला डोलवायचीस, माझे बाई?"

"मी कळलं म्हटलं की तुम्ही किती छान हसायच्या."

बाईंनी तिची सुटलेली वेणी हातात घेतली आणि विणू लागल्या. डोलाबाईने रबर बाजूला ठेवला, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली,

"घड्याळपण नाही कळलं, बाई. पाढेपण नाही. आणि डावं-उजवं तर अजिबातच नाही."